पहिल्या गाण्याआधीचा खोकला

मी, गहिनीनाथ सुंदरराव केकाण, वय वर्षे पंचावन्न, धंदा व्हिडिओ शूटिंग व यंत्रदुरुस्ती, मूळ गाव धर्मापुरी, हल्ली राहणार परळी वैजनाथ, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत आणि पाठीमागे कोणी उभे नसताना लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. प्रकृती ठणठणीत आहे. औष्णिक केंद्राच्या राखेने परळीत ज्याला त्याला येतो तेवढा खोकला मलाही येतो, तो आजारात धरू नये. माझे डोके ठिकाणावर नाही असे आजवर दोनच माणसे म्हणाली. एक माझे थोरले मेहुणे, ते वारले. दुसरे शिरूर कासारचे बँजोमास्तर उत्तरेश्वर. त्यांचा विषय पुढे येईल.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात जंगम मालमत्तेसाठी दोन बोटे जागा होती. तो मी परत केला. माझी खरी मालमत्ता एक फिल्म आहे आणि माझ्यामागे ती कोणी कापू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. बाकीची कलमे कायद्याला लागतात म्हणून आधी उरकून घेतो.

कलम १. परळीतले राहते घर, पुढची दुकानाची खोली आणि बँकेत जी शिल्लक निघेल ती, हे सर्व माझी पत्नी सौ. सत्यभामा हिचे. तिच्यामागे मुलगा शहादेव व मुलगी शिवकन्या यांना निम्मे निम्मे. ती असेतोवर तिला विचारल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. हे कलम मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मेल्यावर बी सगळ्यायला शिकवायचंच हाय का तुमाला?" होय.

कलम २. धर्मापुरीचे कोरडवाहू शेत वडिलोपार्जित आहे, ते या मृत्युपत्राचा विषय होत नाही. तरी एक नोंद करतो. मंदिराकडचा बांध माझ्या चुलतभावाने दरवर्षी थोडा थोडा कोरला आहे. मी मोजणी आणली नाही, कारण त्याच्या आईने मला लहानपणी जेवू घातले. मुलांनीही आणू नये. मात्र मला हे माहीत होते, एवढे त्याला माझ्या तेराव्याला सांगावे. जेवण झाल्यावर सांगावे.

कलम ३. सहकारी साखर कारखान्याचा माझ्या नावचा भाग शहादेवला. दिवाळीची सभासदांची साखर त्याने बहिणीलाही द्यावी. वार्षिक सभेला स्वतः जावे आणि जेवणाची पंगत उठली म्हणून निघून येऊ नये. ठराव पंगतीनंतरच मंजूर होतात, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

कलम ४. मोठा कॅमेरा, तिपाई, दिवे आणि संकलनाचा संगणक शहादेवला. सोल्डरिंगची हत्यारे, दोन्ही व्हीसीआर आणि टेप वाजवणारा जुना कॅमेरा शिवकन्येला, कारण त्या यंत्रांची डोकी, म्हणजे हेड, साफ करताना तिचा हात थरथरत नाही. शहादेव लग्नाच्या फिल्ममध्ये नवरीच्या डोळ्यातून बर्फाचे डोंगर काढतो. लोकांना ते आवडते, त्याचे पोट त्यावर आहे. मी त्यावर बोलणार नाही. हयातीत बोललो ते पुरेसे आहे.

कलम ५. कपाटावरची पत्र्याची पेटी आणि तीतल्या सर्व व्हिडिओ कॅसेट माझे मित्र राधाकिशन, औष्णिक केंद्राचे निवृत्त फिटर, यांना द्याव्यात. त्या काय आहेत हे मुलांना नीट माहीत नाही. ते कळल्याशिवाय माझ्या फिल्मचे कलमही कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी शाळा सातवीपर्यंत शिकलो. पुढचे सगळे यंत्रे उघडून शिकलो. थर्मलच्या कॉलनीत एक बंगाली इंजिनिअर साहेब होते. त्यांचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आला, त्यात इंग्लंडमधल्या चौघाजणांच्या एका रॉक बँडची कॅसेट अडकलेली होती. बँडचे नाव जगाला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही, कारण त्यांची परवानगी घेतलेली नाही. यंत्र चालते का बघायला मी ती लावली. राधाकिशन त्याचा रेडिओ घ्यायला आला होता. तो दारातच थांबला. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत दोघेही बसलो नाही.

राधाकिशन म्हणाला, "हे भांडतेत का गातेत बे?"

मी म्हणालो, "दोन्ही."

पुढे साहेबांची बदली झाली तेव्हा जाताना त्यांनी ही पेटी आम्हा दोघांना दिली. तीत त्या बँडविषयीच्या फिल्मा होत्या. एक कंपनीने काढलेली, बाकीच्या साऱ्यांच्या कव्हरवर ठळक अक्षरात एक शब्द छापलेला. शब्दकोशात पाहिला: अनधिकृत. आम्हाला वाटले, म्हणजे काहीतरी जास्तच मिळणार. लावली, तर त्यात गाणेच नाही. पहिली नाही, दुसरी नाही, एकाही फिल्ममध्ये बँडचे एकही गाणे नाही. बँडच्या कंपनीने परवानगी दिली नव्हती, म्हणून गाणी वापरता आली नव्हती. चौघांपैकी एकजणही समोर येऊन बोलत नव्हता.

राधाकिशन म्हणाला, "ही बिननवरदेवाची वरात हाय."

मग त्यात होते कोण? त्यांची गाडी चालवणारा. त्यांना खोली भाड्याने देणारी बाई. त्यांचे भोंगे दुरुस्त करणारा, म्हणजे माझ्याच धंद्यातला. नाव होण्याआधी ज्याला बँडमधून काढले तो. आणि तिकिटासाठी पावसात रांगेत उभी राहिलेली माणसे, आता म्हातारी झालेली. मी शब्दकोश घेऊन बसलो. त्या फिल्मांनीच मला इंग्रजी शिकवले, शाळेने नाही. त्या गाडीवाल्याने सांगितले की अमुक गाण्याच्या सुरुवातीला जो दण्णकन आवाज येतो तो ढोलाचा नाही, त्याने बाहेर गाडीचे दार आपटले तो आहे. तेव्हापासून ते गाणे ऐकताना मला ती गाडी दिसते. बँडने हे कधी सांगितले नसते. कदाचित त्यांना माहीतही नसेल.

त्यांत थापाही आहेत, हे मी लपवत नाही. प्रत्येक फिल्ममध्ये एक गॉगलवाला असतो. तो बँडला कधीच भेटलेला नसतो आणि सगळ्यांत जास्त तोच बोलतो. राधाकिशन त्याला "डायरेक्टर" म्हणायचा, कारखान्याच्या डायरेक्टरवरून. पण कंपनीच्या फिल्ममध्ये चौघे धुरात हळूहळू चालतात आणि हसतात, एवढेच आहे. कंपनीच्या फिल्मने मला बँड दाखवला. अनधिकृत फिल्मांनी मला, मी त्या बँडचा कोण लागतो, ते दाखवले. राधाकिशनने या कॅसेट वर्षातून एकदा तरी फिरवून ठेवाव्यात, नाहीतर बुरशी धरते. त्याला माहीत आहे, तरी लिहितो.

कलम ६. आता माझी फिल्म. नाव "बिनपरवाना".

एकदा राधाकिशन म्हणाला, "आपल्याकडं कुठं हाय रे असला बँड?" मी म्हणालो, "हाय की. शिरूरला." ज्यांनी उत्तरेश्वरांची बँजो पार्टी टेम्पोवर उभी राहून वाजवताना ऐकली आहे, त्यांना यापुढे सांगायची गरज नाही. कारखान्याचे बॉयलर पेटवणे असो की हंगामाची पहिली मोळी टाकणे असो, उत्तरेश्वरांशिवाय होत नव्हते. बँजोच्या गाण्याला शब्द नसतात, तरी आमच्याकडे त्याला गाणेच म्हणतात. पुण्याच्या एका कंपनीने त्यांची कॅसेट काढली. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक टोळीच्या ट्रकमध्ये ती एकच कॅसेट वाजायची.

त्या कॅसेटविषयी चाहत्यांमध्ये दोन प्रश्न कायम असत. एक, कव्हरवरच्या फोटोत उजव्या कडेला एक कोपर आणि हलगीची कड दिसते, ते कोण? दोन, पहिले गाणे सुरू होण्याआधी कोणीतरी एकदाच खोकते, तो खोकला कोणाचा? दुसऱ्या प्रश्नावर माझे आणि राधाकिशनचे एकदा बोलणे बंद झाले होते. तो म्हणायचा, खोकला कंपनीच्या माणसाचा. मी तेव्हाच्या सहा वरातींच्या टेपा लावून उत्तरेश्वरांचे खोकणे ताडून पाहिले आणि तो खोकला उत्तरेश्वरांचाच आहे हे सिद्ध केले. फिल्ममध्ये तसे माझ्या आवाजात सांगितले आहे.

पहिला प्रश्न कोणी धसास लावला नव्हता. अनधिकृत फिल्मांनी मला कडेला बघायला शिकवले होते, म्हणून मी लावला. ते कोपर मुंजाजीचे होते. मुंजाजी हा पार्टीचा मूळचा हलगीवाला, शिरूर तालुक्यातलाच, उत्तरेश्वरांचा लहानपणापासूनचा जोडीदार. कंपनीने त्याच्या जागी ठोक्यांचे यंत्र लावले, कव्हरवरून त्याचा फोटो कापला, नावही टाकले नाही. कॅसेट गाजल्यावर लोकांना यंत्राचाच ठोका हवा झाला. मुंजाजी कोयता घेऊन बायकोबरोबर ऊसतोडीला गेला.

मी त्याला उसाच्या फडात जाऊन गाठले. थंडीचे दिवस होते. संध्याकाळी कोप्यांपुढे, म्हणजे टोळीच्या झोपड्यांपुढे, उसाचे पाचट पेटवून त्याने हलगी शेकली. कातडे शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही. यंत्राला शेकावे लागत नाही, म्हणूनच ते कंपनीला परवडले. बोटांना कोयत्याचे घट्टे पडलेले, तरी त्याने जे वाजवले ते फिल्ममध्ये आहे, तुम्ही पाहा. मी त्याला विचारले, कॅसेटवरून काढले त्याचे काय वाटले? तो म्हणाला, "काय वाटायचं? मास्तरचा बँजो हाय म्हनल्यावर ऐकतोच की मी बी. ट्रकमंदी लावतेत तवा." त्याच टोळीतल्या भिवराबाईंनी कॅसेटमधल्या दुसऱ्या गाण्यावर स्वतःचे शब्द बसवले होते:

मोळीमागं मोळी बाई, फड काई सरंना,
बारकं उठलं कोपीत, त्याला कोन धरंना.

हे शब्द टोळ्याटोळ्यांतून फिरत होते आणि ज्याने चाल वाजवली त्याला त्यांचा पत्ता नव्हता.

मग मी शिरूर कासारला उत्तरेश्वरांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, आनंदाने बसले. मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्यांना चित्रीकरण दाखवले. भिवराबाईंपर्यंत ते हसत होते. मुंजाजी दिसल्यावर त्यांनी चहा खाली ठेवला.

"ह्यो तुकडा काढ," ते म्हणाले. "मंग पायजे तेवढी गानी घे. कॅसेट कंपनीची हाय, पर मी सोता नवी वाजवून देतो. कागदावर लिहून देतो."

"मास्तर, तो तुकडा काढला तर फिल्म उरते कुठं?"

"लोकं इचारतेल. त्याला कावून काढलं म्हून इचारतेल. मी काय सांगू?"

"जे झालं ते."

"तुझं डोकं ठिकानावर न्हाई. कॅमेरा बंद कर बे."

"कॅमेरा बंद कर बे" हे उत्तरेश्वरांचे फिल्ममधले एकमेव वाक्य आहे. ते मी ठेवले. गाणे एकही ठेवता आले नाही. मी कोणाच्या गाण्याचा एक सूरसुद्धा चोरलेला नाही, हे या मृत्युपत्रात मुद्दाम नोंदवतो. पहिल्या गाण्याची जागा मी काळी सोडली. ते गाणे जितका वेळ चालते तितका वेळ पडद्यावर फक्त काळोख आहे आणि आवाज नाही.

कलम ७. हा काळोख काढून टाकावा असे शहादेवला वाटते. तो म्हणतो, लोकांना वाटते लाईट गेली. म्हणून पहिल्या खेळाला काय झाले ते लिहितो, तो तेव्हा लग्नाच्या ऑर्डरवर होता.

दुष्काळाचा उन्हाळा होता. कारखान्याचे बॉयलर त्या वर्षी लवकर विझले होते आणि टोळ्या अर्ध्या हंगामातून परत आल्या होत्या. एका सहकारी संस्थेने चारा छावणी घातली होती. माणसे जनावरांसकट तिथेच राहत होती. दिवेलागणीला दोन टँकरच्या मध्ये मी चादर बांधली. लोक आपापल्या बैलांना टेकून बसले. भिवराबाई दावणीजवळ होत्या. स्वतःला पडद्यावर पाहून त्यांनी शेजारणीला विचारले, "ती मीच हाय का गं?" शेजारीण म्हणाली, "तूच हायस. पर हितं लई शहानी दिसायलीस."

मग काळोख आला. मलाही वाटले, चूक झाली, लोक उठणार. मग मागून कोणीतरी पाण्याच्या रिकाम्या टिपावर ठोका धरला. कॅसेटवरच्या पहिल्या गाण्याचाच. सगळ्यांना तो पाठ होता. मग बादल्या, पत्रे, ताटे. तोंडाने बँजो वाजवणारे निघाले. काळोख संपून मुंजाजी हलगी शेकताना पडद्यावर आला तो बरोबर त्यांच्या समेवर. मी असे ठरवून केलेले नव्हते. फिल्म संपल्यावर एका म्हाताऱ्याने मला विचारले, "ह्यो हलगीवाला हुता आन् आमाला कुनी सांगितलंच न्हाई?" त्यानंतर जिथे जिथे खेळ केला तिथे काळोखात लोकांनी हेच केले. त्या काळोखात चूक शोधू नये. त्या जागेचा मालक मी नाही.

कलम ८. आता धोका काय आहे ते स्पष्ट लिहितो. कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवाची अधिकृत फिल्म निघते आहे. तीत बँजो पार्टी हवी आहे. उत्तरेश्वरांचा पुतण्या शहादेवकडे दोनदा येऊन गेला. बोलणे जुनेच आहे: मूळ टेपा द्या, मुंजाजीचा भाग वगळू, त्या बदल्यात तुमच्या फिल्मला सगळी गाणी देऊ. शहादेव मला म्हणाला, "बाबा, गाणी आली तर फिल्म टीव्हीवर बी जाईल. तुमचंच नाव होईल." मुलगा वाईट नाही. त्याला खरेच माझे भले वाटते. म्हणूनच मी हे कलम त्याच्या भरवशावर सोडत नाही.

कलम ९. "बिनपरवाना" ही फिल्म, तिच्या मूळ टेपा, प्रती व सर्व हक्क मी माझ्या कुटुंबातील कोणालाही देत नाही. ते श्रोत्यांच्या सहकारी संस्थेला देतो. अशी संस्था नोंदवायला मी एकदा गेलो होतो. तिथल्या बाबूंनी विचारले, "संस्थेचं उत्पादन काय?" मी म्हणालो, "ऐकणं." त्यांनी अर्ज परत दिला. म्हणून संस्था नोंदली जाईपर्यंत भिवराबाई, राधाकिशन आणि माझी मुलगी शिवकन्या यांनी विश्वस्त म्हणून फिल्म सांभाळावी. टेपांची पेटी शिवकन्येकडे राहील. अटी पुढीलप्रमाणे.

फिल्ममध्ये एक चौकटही वाढवू नये, कमी करू नये. मुंजाजीचा भाग, उत्तरेश्वरांचे वाक्य आणि काळोख जसेच्या तसे राहतील. काळोखात कोणतेही ध्वनिमुद्रण भरू नये, कोणी फुकट दिले तरी भरू नये. दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधी शिरूर कासारच्या बाजारात दरवर्षी खेळ करावा, विनातिकीट. खेळ टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या दारात करू नये, तिथे लोक मोकळेपणी वाजवत नाहीत. पुढच्या रांगेत एक जागा मुंजाजीची. तो आला नाही तर ती रिकामी ठेवावी, त्यावर कार्यकर्ते बसवू नयेत. संस्थेत एका सभासदाला एकच मत राहील, मग तो डायरेक्टर असो की कोयता.

कलम १०. त्याच संस्थेचा एक भाग बँजोमास्तर उत्तरेश्वर, राहणार शिरूर कासार, यांना द्यावा. भिवराबाईंइतकेच, एक मत. तसेच फिल्ममधल्या काळोखाच्या वेळी त्यांना प्रत्यक्ष येऊन पहिले गाणे वाजवण्याची कायम मुभा आहे. अट एकच, शेजारी हलगीवर मुंजाजी असला पाहिजे. आमंत्रण धाडू नये. तारीख त्यांना माहीत असते.

कलम ११. माझ्या अंत्ययात्रेत बँजो लावू नये. आजकालच्या पोरांचा ठोका घाईत असतो.

सहीच्या वेळची दुरुस्ती.

वरील मजकूर लिहून झाला होता आणि आज दुपारी सह्या व्हायच्या होत्या. साक्षीदार म्हणून शेजारचे गिरणीवाले धुळाजी आणि समोरचे बबनराव ठरले होते. राधाकिशन साक्षीदार म्हणून चालत नाही, त्याला कलम पाचप्रमाणे पेटी मिळते. धुळाजी आले. बबनराव चप्पल काढत होते तेवढ्यात गल्लीत पाण्याचा टँकर आला आणि ते टिपाड घेऊन पळाले. त्यांना दोष देत नाही, टँकर आठवड्याने आला होता.

त्याच वेळी उत्तरेश्वर दारात उभे राहिले. मी मृत्युपत्र करतो आहे हे त्यांना पुतण्याकडून कळले होते. माझ्याशी वाद घालायला ते बसने आले होते. सत्यभामेने पाणी दिले. सगळे पाणी पिऊन ते तांब्या हातात धरूनच बसले.

"कावून लिव्हतो हे सगळं?" ते म्हणाले. "मरायच्या आधी मला अडकून ठिवायलास."

मी म्हणालो, "मास्तर, वाचा. मग भांडू."

साक्षीदाराला मजकूर माहीत असावा असे बंधन नाही, आणि ते तेव्हा साक्षीदार नव्हतेही. त्यांनी धुळाजींचा चष्मा घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. बांधाच्या कलमाला हसले. चारा छावणीच्या कलमावर थांबले, पुन्हा वाचले, आणि विचारले, "टिपावर?" मी म्हणालो, "टिपावर. तुमचाच ठोका." शेवटी पाने उलटी करत ते कलम सहावर परत गेले आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"हे चुकलंय."

"काय?"

"खोकला. माझा न्हाई त्यो. मुंजाचा हाय."

मी म्हणालो, मी टेपा लावून ताडून पाहिले आहे. ते म्हणाले, "तू टेपा लाव. मी तितं हुतो." मग त्यांनी सांगितले ते त्यांच्या समोरच लिहून घेतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी यंत्रवाला माणूस उशिरा आला. तोवर पहिले गाणे मुंजाजीला घेऊनच वाजवले. हलगी शेकायला तिथे जागा नव्हती, म्हणून त्याने बोळीत वर्तमानपत्रे जाळली. धूर आत आला आणि गाणे सुरू होताना मुंजाजी खोकला. कंपनीवाले म्हणाले, पुन्हा घेऊ. यंत्र आले होते, पुन्हा घेतले असते तर तेही यंत्रावर गेले असते.

"मीच म्हनलं, ऱ्हाऊ द्या," उत्तरेश्वर म्हणाले. "बाकीच्या गान्याला मी तोंड उघडलं न्हाई. तेवढं एक ऱ्हायलं त्याचं. लोकं म्हनले खोकला मास्तरचा, मी न्हाई म्हनलो न्हाई."

म्हणजे पहिल्या गाण्यावर यंत्र नाही. ट्रकमध्ये, कोप्यांत, छावणीतल्या टिपांवर लोक जो ठोका धरत होते तो मुंजाजीचाच होता. हे माझ्या फिल्ममध्ये नाही, कारण मी टेपांवर विसंबलो आणि मुंजाजीला खोकल्याचे विचारलेच नाही. उलट फिल्ममध्ये माझ्या आवाजात चुकीची माहिती आहे, आणि कलम नऊप्रमाणे एक चौकटही बदलता येत नाही. ते कलम मी मोडणार नाही. एकाने खऱ्यासाठी मोडले तर दुसरा खोट्यासाठी मोडील. म्हणून ठरवले ते असे: फिल्म आहे तशीच राहील. दर खेळाआधी कोणीतरी उभे राहून, खोकला मुंजाजीचा आहे आणि पहिल्या गाण्याची हलगी मुंजाजीची आहे, हे तोंडाने सांगायचे.

"कोन सांगनार?" उत्तरेश्वरांनी विचारले.

धुळाजी चष्मा मागत होते, तो उत्तरेश्वरांनी दिला नाही.

"त्यो म्होरं बसलेला असंल?"

"पहिल्या रांगेत. कलम नऊ."

"मी सांगन," ते म्हणाले. मग टँकरच्या दिशेने बघून म्हणाले, "तुझा दुसरा साक्षीदार काय येत न्हाई. आन इकडं."

मी त्यांना सांगितले की साक्षीदार झाल्यास कलम दहामधला भाग सोडावा लागेल, या मृत्युपत्रातून साक्षीदाराला लाभ मिळू नये असा माझा दंडक आहे. ते म्हणाले, "काढ वाटा." त्याप्रमाणे कलम १० मधील भाग व मत रद्द समजावे. काळोखात वाजवण्याची मुभा कायम आहे. तो लाभ की काम, हे वकीलसाहेबांना फोन करून विचारले. काम, असे ठरले. कलम ६ मधील खोकल्याविषयीचे माझे विधान चुकीचे आहे, ते मी खोडलेले नाही. लोकांना दोन्ही वाचता यावे. राधाकिशनला कळवावे की तोही चुकला होता.

उत्तरेश्वरांनी आपल्या सहीखाली एक ओळ जास्त लिहिली आहे. नमुन्यात ती बसत नाही. तरी ती कोणी खोडू नये.

वरील सर्व मजकूर दुरुस्तीसह मी पुन्हा वाचला. माझा आहे, मला मान्य आहे, आणि सही दोन्ही साक्षीदारांच्या देखत केली आहे.

ठिकाण: परळी वैजनाथ, जिल्हा बीड
दिनांक: १४ मे २०१६

लिहून देणार: गहिनीनाथ सुंदरराव केकाण (सही)

साक्षीदार १: धुळाजी, पिठाची गिरणी, परळी वैजनाथ (सही, बिनचष्म्याने)

साक्षीदार २: उत्तरेश्वर, बँजोमास्तर, शिरूर कासार (सही)
खोकला मुंजाचा हाय. मी तितं हुतो.